लपवलेलं पाप आणि देवाचा न्याय: बायबलमधून हा विषय कसा अभ्यासावा

या विषयाची सुरुवात बहुतेक जण गणना 32:23 ने करतात: तुमचं पाप तुम्हांला गाठेल. तिथून सुरुवात करू नका. तो इशारा मोशेने गाद आणि रऊबेन वंशांना दिला होता. यार्देनेपलीकडच्या लढाईत भावांना साथ देण्याचा शब्द मोडू नका, एवढाच त्याचा संदर्भ. वचन सुटं काढलं की ते दुसऱ्याला घाबरवायच्या कामी येतं.

सुरुवात 2 शमुवेल 11 आणि 12 ने करा. दोन्ही अध्याय मिळून 58 वचनं होतात, ती एका बैठकीत वाचा. हातात पेन्सिल ठेवा आणि ‘पाठवलं’ हा शब्द आला की खूण करा. काही ठिकाणी भाषांतरात क्रियापद बदललेलं असतं, म्हणून दोन भाषांतरं शेजारी ठेवलेली बरी. अकराव्या अध्यायात राजा दावीद सतत कोणाला तरी पाठवतो: उरीया या सैनिकाच्या बायकोला, बथशेबेला, आणायला माणसं, सेनापती यवाबाकडे निरोप, शेवटी उरीयाच्याच हाती त्याच्या मृत्यूचं पत्र. बारावा अध्याय उघडतो तो ‘परमेश्वराने नाथानाला पाठवलं’ या वाक्याने; नाथान हा संदेष्टा, दाविदाला त्याचं पाप दाखवायला आलेला. सत्ता कोणाकडे आहे, हे त्या एका क्रियापदातून कळतं.

आता तीन प्रश्न लिहा. कोणापासून लपवलं? आधीपासून कोणाला माहीत होतं? कधी आणि कशाने उघड झालं? यवाबाला पत्र मिळालं होतं, निरोप्यांनीही बरंच पाहिलं होतं. ‘गुप्त’ म्हणजे कोणालाच ठाऊक नाही असं नव्हे. माहीत असलेले गप्प असतात. आणि नाथान येतो तेव्हा बथशेबेचं मूल जन्मलेलं आहे, म्हणजे मध्ये कित्येक महिने गेले.

हेच प्रश्न यहोशवा 7 आणि प्रेषितांची कृत्ये 5 ला लावा. आखान या इस्राएली माणसाने यरीहोच्या लुटीतून चोरून तंबूत पुरलेला ऐवज म्हणजे एक झगा, 200 शेकेल चांदी आणि 50 शेकेलची सोन्याची वीट. तो सापडण्याआधी आय या नगराच्या लढाईत 36 माणसं मेली. जमीन विकून आलेल्या पैशांतला काही भाग लपवणारं जोडपं हनन्या आणि सप्पीरा, यांच्या बाबतीत मात्र सगळं सुमारे तीन तासांत आटोपतं. उत्पत्ती 15:16 मध्ये अमोऱ्यांच्या, म्हणजे कनानातल्या एका जमातीच्या, पापाचा घडा अजून भरलेला नाही, त्याला चौथी पिढी लागणार आहे. म्हणून वेळेचा हिशोब मांडू नका. 1 तीमथ्य 5:24 स्पष्ट सांगतं की काहींची पापं त्यांच्या पुढे न्यायासनाकडे जातात, काहींची मागून येतात.

सर्वांत जास्त चुका उलटा तर्क लावल्याने होतात: याच्यावर संकट आलं, म्हणजे याने काहीतरी लपवलं असणार. निर्दोष असून संकटात सापडलेल्या ईयोबाच्या मित्रांनी नेमकं हेच केलं आणि ईयोब 42:7 मध्ये देव त्यांच्यावर संतापला. शिलोहाचा बुरूज पडून मेलेले 18 जण इतरांहून जास्त अपराधी नव्हते, असं येशू लूक 13:4-5 मध्ये म्हणतो. या दोन जागा वाचल्याशिवाय कोणाच्या आजारावर किंवा अपघातावर भाष्य करू नये.

निदणाचा, म्हणजे गव्हातलं तण कापणीपर्यंत वाढू देण्याचा, दाखला (मत्तय 13) वाचताना 38वं वचन सोडू नका. शेत म्हणजे जग, असं येशूच सांगतो. मंडळीतल्या अन्यायाकडे डोळेझाक करायला हा दाखला आधार देत नाही. त्यासाठी मत्तय 18:15-17 मध्ये पायऱ्या आहेत.

रोमकरांस 12:19, ‘सूड घेणे माझ्याकडे आहे’, हे वचन पीडिताला गप्प बसवायला सर्रास वापरलं जातं. त्याच्यासोबत त्याच पत्रातलं 13:4 वाचा. तिथे अपराध्याला शिक्षा करणं हे अधिकाऱ्याचं काम म्हटलं आहे. सूड न घेणं आणि तक्रार न करणं या दोन वेगळ्या गोष्टी. हे लिहिणाऱ्या पौलाला आणि त्याचा सोबती सीला याला फिलिप्पै नगरात चौकशीशिवाय, चारचौघांत फटके मारले गेले. दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांनी त्यांना गुपचूप सोडायचं ठरवलं, तर पौल तुरुंगातून हललाच नाही: त्यांनी स्वतः यावं आणि आम्हांला बाहेर न्यावं (प्रेषितांची कृत्ये 16:37).