कॅबिनेटमधल्या अनेक पंख्यांना वीज कोठून द्यावी

कोकणात संगणकाच्या कॅबिनेटमध्ये पंखे वाढवण्याचा विचार बहुधा एप्रिल-मे महिन्यांत सुरू होतो. उकाडा वाढतो, संगणक मध्येच बंद पडू लागतो आणि मूळच्या दोन पंख्यांच्या सोबतीला आणखी तीन-चार आणले जातात. पंखे बसवणे हे चार-चार स्क्रूंचे काम आहे. त्यांना वीज कोठून द्यायची हे मात्र हाती उरलेल्या वायरी पाहून ठरवले जाते आणि बिघाडाचे मूळ बहुतेक वेळा तेथेच असते.

मालवणातील एका फोटो स्टुडिओचा संगणक दुरुस्तीसाठी माझ्याकडे आला, तेव्हा त्यातले पाचही पंखे मदरबोर्डच्या (संगणकाच्या मुख्य सर्किट बोर्डाच्या) एकाच हेडरवर, म्हणजे पंखा जोडण्याच्या पिनांच्या जागेवर होते. एका स्प्लिटरमध्ये (एका जोडाचे अनेक जोड करणाऱ्या वायरीत) दुसरा स्प्लिटर खुपसलेला होता. पहिल्या स्प्लिटरचा पांढरा प्लग एका कडेने चहाच्या रंगाचा झाला होता आणि आतल्या पिनेवर हिरवट थर चढला होता. आग लागली नव्हती हे नशीब, पण तो हेडर कायमचा गेला होता.

म्हणून पहिले काम बेरजेचे. प्रत्येक पंख्याच्या मध्यावरील गोल स्टिकरवर व्होल्ट आणि अँपिअर छापलेले असतात. १२० मिलिमीटरचा साधा पंखा १२ व्होल्टवर साधारण ०.१ ते ०.३ अँपिअर घेतो. मदरबोर्डच्या पंख्याच्या हेडरची मर्यादा बहुधा १ अँपिअर, म्हणजे १२ वॉट असते. पाण्याने थंड करणाऱ्या यंत्रणेच्या पंपासाठीचा हेडर काही बोर्डांवर याहून अधिक देतो, पण खरा आकडा बोर्डाच्या पुस्तिकेतच पाहावा. ०.२५ अँपिअरचे तीन पंखे ०.७५ अँपिअर घेतात, ते एका हेडरवर चालतील. पाच पंखे १.२५ अँपिअर घेतात, ते चालणार नाहीत. पंखा सुरू होतानाच्या क्षणी नेहमीपेक्षा अधिक प्रवाह ओढत असल्यामुळे मी स्वतः हेडरच्या मर्यादेच्या तीन-चतुर्थांशापुढे कधी जात नाही.

बेरीज त्यापुढे गेली, तर वीज मदरबोर्डकडून न घेता एसएमपीएसकडून, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याकडून घ्यावी आणि मदरबोर्डकडून केवळ वेगाचा संकेत घ्यावा. साटा प्लगवर (एसएमपीएसमधून डिस्कला वीज देणाऱ्या चपट्या प्लगवर) चालणारा पीडब्ल्यूएम हब, म्हणजे अनेक पंखे जोडून सर्वांना एकच वेगाचा संकेत (पीडब्ल्यूएम) देणारी पट्टी, नेमके हेच करते. साटाच्या प्लगमध्ये १२ व्होल्टसाठी तीन पिना असतात, प्रत्येक पिनेची क्षमता १.५ अँपिअर, म्हणजे एकूण ४.५ अँपिअर किंवा ५४ वॉट. ०.२५ अँपिअरचे सहा पंखे त्यातील १.५ अँपिअर, म्हणजे तिसरा हिस्साच वापरतात. तरीही ज्या केबलवर साडेतीन इंची हार्ड डिस्क आहे तिच्यावर हब लावू नये, कारण अशी डिस्क फिरू लागताना एकटीच १२ व्होल्टवर सुमारे २ अँपिअर घेऊ शकते. मोलेक्सचे (एसएमपीएसच्या जुन्या, चार पिनांच्या मोठ्या प्लगचे) साटा करणारे, ज्यांचे प्लास्टिक वायरींवर ओतून घट्ट केलेले असते असे स्वस्त जोडही टाळावेत; त्यांत आतल्या वायरी एकमेकींना टेकून जळाल्याची उदाहरणे आहेत.

चार पिनांच्या पंख्यात जमीन (ग्राउंड), १२ व्होल्ट, फेऱ्यांची माहिती आणि वेगाचा संकेत अशा चार वायरी असतात. फेऱ्यांची माहिती एकाच पंख्याकडून परत जावी लागते, त्यामुळे हबवर खूण केलेल्या जागी एक पंखा लावणे आवश्यक आहे. ती जागा रिकामी राहिली आणि हबचा संकेत प्रोसेसरच्या पंख्याच्या हेडरवरून घेतला असेल, तर संगणक सुरू होताना पंखा नसल्याची तक्रार करतो. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) त्या हेडरची पद्धत पीडब्ल्यूएम ठेवावी. तीन पिनांचा पंखा अशा हबवर बहुधा पूर्ण वेगाने फिरत राहतो; तो बिघाड नव्हे, आवाज तेवढा सोसावा लागतो.

पंख्यांतल्या रंगीत दिव्यांचा हिशेब वेगळा आहे. तीन पिनांचे दिवे ५ व्होल्टवर चालतात आणि चार पिनांचे १२ व्होल्टवर. पाच व्होल्टचे दिवे बारावर लावले की ते क्षणात जळतात. प्लग बसत नसेल तर तो जोराने दाबू नये.

प्रत्यक्ष काम करताना एसएमपीएसचा स्विच बंद करून भिंतीतला प्लग काढावा, चालू करण्याचे बटण काही सेकंद दाबून धरावे आणि कॅबिनेटच्या धातूला हात लावून मगच आत हात घालावा. एसएमपीएस मात्र कधीही उघडू नये, कारण त्यातील कपॅसिटर २३० व्होल्टच्या विजेपासून ३२० व्होल्टांच्या आसपास भरलेला असतो आणि प्लग काढल्यावरही काही काळ तसाच राहू शकतो.

किनाऱ्यावर आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. खाऱ्या वाऱ्याने आणि दमट हवेने पिनेवर थर बसतो, जोडाचा रोध वाढतो, आणि जोडात निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते: ०.१ ओहम रोधातून १ अँपिअर गेला तर ०.१ वॉट, पण ३ अँपिअर गेले तर ०.९ वॉट. हा आकडा लहान दिसतो, तथापि चिमूटभर प्लास्टिकच्या प्लगला तो पुरेसा तापवतो. अशी पिन खरवडू नये, वरचा मुलामा जातो. कॉन्टॅक्ट क्लीनर फवारून पूर्ण वाळू द्यावी आणि प्लग सैल झाला असेल तर तो सरळ बदलावा.

जोडणी झाल्यावर पंखे पूर्ण वेगाने अर्धा तास चालवावेत, मग संगणक बंद करून प्लग काढावा आणि हबच्या साटा प्लगवर लगेच बोट ठेवून पाहावे. कोमट लागला तर चालेल. बोट टेकवत नसेल तर एक-दोन पंखे कमी करून जोड तपासावेत. आगोटीला घराची कौले परतताना हीच तपासणी दरवर्षी करावी.