वेश्वीच्या पुढच्या चढावर घसरणारी चेन

अलिबागहून गुहागरला सायकलने निघालो होतो. तिसऱ्या दिवशी बागमांडल्याहून फेरीबोटीने बाणकोटची खाडी ओलांडली, वेश्वीला उतरलो आणि केळशीच्या वाटेवर पहिल्याच चढाला चेन घसरायला लागली. दर दोन-तीन फेऱ्यांनी कट्ट आवाज, आणि पेडल एकदम रिकामं. आधी गिअरची केबल पिळत बसलो. अर्धा तास फुकट.

मग सायकल उलटी केली, पेडल सावकाश मागे फिरवत मागच्या डिरेलरवर, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या भागावर, नजर ठेवली. एकच कडी तिथून जाताना सरळ होईना, कुबड काढून पुढे यायची. आदल्या संध्याकाळी दिवेआगरच्या ओल्या पुळणीवर सायकल मिरवली होती, त्याचं हे बक्षीस!

एका घरी गोडं पाणी मागितलं. काका खोबरेलच घेऊन आले; त्याला वाळू चिकटते म्हणून नको म्हटलं, त्यांना ते पटलं नाही. जुन्या टूथब्रशने चेन घासली, फडक्याने कोरडी केली. ती कडी दोन्ही अंगठ्यांनी आडवी हलवून मोकळी केली, प्रत्येक पिनवर शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब सोडला आणि वरचं तेल पुसून टाकलं.

आंजर्ल्यापर्यंत चेनने हूं की चूं केलं नाही.