रविवारी राउटरला हात लावण्याआधी

इंदूरच्या सियागंजातल्या ऑफिसचं डीएचसीपी (मशीनांना नेटवर्कचे पत्ते वाटणारी सोय) आणि डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारी सोय) नव्यानं लावायचं काम रविवारचं असलं, तरी तयारी मंगळवारपासून धरा. कारण लीज, म्हणजे मशीनला मिळालेल्या पत्त्याची मुदत. विंडोज सर्व्हर पत्ता आठ दिवसांसाठी देतो आणि मशीन निम्मी मुदत उलटल्यावर, म्हणजे चौथ्या दिवशी, पुन्हा विचारायला येतं. मंगळवारी मुदत तासाभरावर आणून ठेवली, तर रात्रंदिवस चालू राहणारी मशीनंही रविवारी नवी माहिती लगेच उचलतात.

मग पत्ते वाटतंय कोण, ते शोधा. इंटरनेटवाल्याचा डबा वाटतच असतो, आणि कुणीतरी जेल रोडवरून आणून कोपऱ्यात लावलेला वायफाय राउटरही गुपचूप वाटत असतो. अशा वेळी निम्मी मशीनं चालतात, निम्मी नाहीत, आणि आपण वायरी बदलत बसतो. माझा एक अख्खा सोमवार असाच गेलाय. डीएचसीपी एकाच जागी चालू ठेवा.

वहीत (हो, कागदाच्या) प्रिंटर, हजेरीचं मशीन, कॅमेऱ्यांचा डीव्हीआर आणि टॅलीचा सर्व्हर यांचे मॅक नंबर (प्रत्येक यंत्राचा नेटवर्कवरचा ओळख क्रमांक) आणि सध्याचे पत्ते उतरवा. १९२.१६८.१.० च्या नेटवर्कात २५४ पत्ते मिळतात; पहिले ४९ या मंडळींना, ५० ते २०० वाटपाला. वाटपातलाच पत्ता प्रिंटरला हातानं दिला, तर कधीतरी टक्कर होणारच.

डीएनएसमध्ये बहुतेक जण एकच चूक करतात. ऑफिसात डोमेन (सगळी मशीनं एकाच सर्व्हरच्या हाताखाली) असेल तर मशीनला फक्त आतला सर्व्हर द्या. 'असू दे जोडीला' म्हणून ८.८.८.८, म्हणजे गूगलचा डीएनएस, दुसरा टाकला, की पहिल्यानं जरा उशीर केला तरी विंडोज दुसऱ्याकडे वळतं, आणि त्या बिचाऱ्याला तुमच्या ऑफिसातली नावं कुठून ठाऊक असणार? बाहेरचा पत्ता सर्व्हरच्या फॉरवर्डरमध्ये (त्याला स्वतःला ठाऊक नसलेली नावं तो जिथे विचारतो तिथे) टाका.

जुन्या सेटिंगचा बॅकअप घ्या. इंटरनेट कनेक्शनचं युजरनेम-पासवर्डही कागदावरच हवं. मेलमध्ये असून काय उपयोग, नेटच बंद असेल तर? यूपीएसची बॅटरी बघा.

बदल केल्यावर आधी एकाच मशीनवर आयपीकॉन्फिग रिन्यू (पत्ता नव्यानं मागायची कमांड) मारा. पत्ता १६९.२५४ नं सुरू झाला, तर डीएचसीपीपर्यंत हाकच पोचलेली नाही. मग एनएसलुकअप या कमांडनं डीएनएसला एक आतलं आणि एक बाहेरचं नाव विचारा. निघण्याआधी हजेरीच्या मशीनवर स्वतःचं बोट लावून बघा.