बीमसाठी रनर लिहिताना: वर्डकाउंट चाललं म्हणजे झालं असं नाही

ओपन सोर्समध्ये शिरायचं म्हणून बरेच जण आधी डॉक्युमेंटेशनमधले टायपो शोधतात, त्यात वाईट काही नाही, पण डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम खरंच शिकायच्या असतील तर अपाची बीमच्या रनरवर काम करा असं मी सांगेन. बीममध्ये पाइपलाइन, म्हणजे डेटावर एकामागून एक करायच्या कामांची साखळी, एकदाच लिहायची आणि फ्लिंक, स्पार्क, गुगल डेटाफ्लो अशा हव्या त्या डेटा प्रोसेसिंग इंजिनवर चालवायची. गुगलने २०१६ मध्ये डेटाफ्लोचा एसडीके (पाइपलाइन लिहायची लायब्ररी) अपाची या ओपन सोर्स संस्थेला दिला, तिथून हे सुरू झालं. पाइपलाइन आणि इंजिन यांच्या मधला दुभाष्या म्हणजे रनर, मी तोच लिहायला घेतला होता, जावामध्ये.

सुरुवात सोपी वाटते. पाइपलाइनचा ग्राफ क्रमाने फिरायचा, वाटेत पारडू (प्रत्येक रेकॉर्डवर काम करणारं), ग्रुपबायकी (रेकॉर्डचे गट पाडणारं), फ्लॅटन (अनेक कलेक्शन एकत्र करणारं) अशी मोजकीच प्रिमिटिव्ह, म्हणजे मूळ ऑपरेशन, भेटतात, त्यांना आपल्या इंजिनचे ऑपरेटर जोडायचे, बाकीचे बहुतेक ट्रान्सफॉर्म यांच्यातूनच बनलेले म्हणून ते फुकटात मिळतात. वर्डकाउंट, म्हणजे मजकुरातले शब्द मोजणारा नमुना प्रोग्राम, चालतं आणि माणूस हवेत जातो.

मग रनर बीमचे नियम पाळतो का ते तपासणाऱ्या, व्हॅलिडेट्सरनर नावाच्या टेस्ट लावायच्या, की विमान खाली!

ग्रुपबायकीचंच घ्या. की, म्हणजे ज्यावरून गट पाडायचे ती व्हॅल्यू, म्हणून बाइट ॲरे आला तर? जावाच्या इक्वल्स या तुलना करणाऱ्या मेथडला आत तेच बाइट असलेले दोन ॲरे वेगळेच दिसतात, म्हणून एकाच कीचे दोन गट पडतात, एक्सेप्शन नाही, लॉगमध्ये काही नाही, नुसता आकडा चुकतो. बीमचा नियम असा की तुलना ऑब्जेक्टची नाही, कोडरने (ऑब्जेक्टचे बाइट्स बनवणाऱ्या भागाने) एन्कोड केलेल्या बाइट्सची करायची. आणि ते बाइट्सही नुसत्या ॲरेत ठेवू नका, बाइटबफरमध्ये गुंडाळा, त्याचं इक्वल्स आतले बाइट बघतं, नाहीतर परत तेच रडगाणं.

फ्लॅटनचं पण तसंच, युनियन करायचंय त्यात काय एवढं असं वाटतं, पण टेस्ट विचारते की एकही इनपुट नसेल तर काय? उत्तर रिकामं कलेक्शन, आणि बऱ्याच इंजिनात शून्य स्ट्रीमचं युनियन बनतच नाही. तोच इनपुट दोनदा दिला तर रेकॉर्डही दोनदा यायला हवेत. फिनिशबंडल, म्हणजे रेकॉर्डचा एक गठ्ठा संपल्यावर बोलवायची मेथड, विसरलात तर लोकांनी बफरमध्ये साठवलेले शेवटचे रेकॉर्ड गायब.

वॉटरमार्क (कुठल्या वेळेपर्यंतचा डेटा आला याचा अंदाज), उशिरा येणारा डेटा यावर इथे लिहीत बसत नाही, ते वेगळंच प्रकरण आहे. स्टेट (दर कीसाठी जपून ठेवलेली माहिती), टायमर जमत नसतील तर त्या कॅटेगरीच्या टेस्ट गाळता येतात, फक्त काय चालतं काय नाही ते कॅपॅबिलिटी मॅट्रिक्समध्ये, म्हणजे कोणत्या रनरला काय जमतं त्या बीमच्या तक्त्यात, खरं खरं लिहा.

बाकी सोपस्कार थोडेच, आयसीएलएवर (अपाचीच्या वैयक्तिक योगदान करारावर) सही करा, नोकरी असेल तर कंपनीची परवानगी आधी घ्या, आणि हजारो ओळींची एकच पुल रिक्वेस्ट (कोड सामावून घ्यायची विनंती) टाकू नका, कोण वाचणार ती?

माझ्या मते खरा प्रश्न मर्जनंतरचा, म्हणजे कोड बीममध्ये सामावला गेल्यावरचा. इंजिनच बंद पडलं तर रनर कोण सांभाळणार? अपाची एपेक्स या इंजिनचा रनर बीममध्ये होता, एपेक्स २०१९ मध्ये ॲटिकमध्ये (अपाचीच्या बंद पडलेल्या प्रकल्पांच्या यादीत) गेलं आणि नंतर तो रनरही काढला गेला. म्हणून नवख्याने थेट नवीन इंजिन जोडायला घेऊ नये. फ्लिंक किंवा स्पार्क रनरची ग्रेडल फाइल (बिल्ड आणि टेस्टची सेटिंग) उघडा, गाळलेल्या टेस्टची यादी तिथेच आहे, काहींच्या शेजारी इश्यूची लिंकही असते, त्यातली एक उचला आणि ती नक्की का फेल होते ते शोधून काढा.