एडीयू असलेलं घर घ्यायचं की आपणच बांधायचं? कॅलिफोर्नियात या चुका टाळा

आई-बाबा सहा महिने राहतील, उरलेले सहा महिने भाडं येईल: एडीयूचा (म्हणजे घराच्याच आवारातल्या, स्वतःचं स्वयंपाकघर असलेल्या छोट्या जोडघराचा) हा हिशोब आपल्याकडे सर्रास मांडला जातो. भाडेकरू सहा महिन्यांनी आपणहून निघतोच असं नाही, हे त्यात कुणी धरत नाही. एअरबीएनबीवर द्यायचं म्हणाल, तर अनेक शहरांत एडीयू ३० दिवसांपेक्षा कमी मुदतीने देता येत नाही. पण खरे पैसे बुडतात ते याच्या आधी, कागदपत्रं न बघितल्यामुळे.

‘बोनस रूम’वर भुलणं

जाहिरातीत ‘बोनस रूम’, ‘गेस्ट सूट’, ‘इन-लॉ युनिट’ असं गोडगोड लिहिलंय आणि परमिटचा उल्लेखच नाही? तर एजंटला विचारून थांबू नका. शहराच्या बिल्डिंग विभागात त्या पत्त्याची परमिट हिस्टरी स्वतः बघा. परमिट ‘काढलंय’ आणि ‘फायनल झालंय’ यांत फरक आहे. गॅरेजमध्ये खोली काढायचं परमिट घ्यायचं, शेवटची तपासणी करायचीच नाही आणि मग हळूच स्वयंपाकघर घालायचं, हा प्रकार नवीन नाही. काउंटीच्या नोंदीतले चौरस फूट जाहिरातीशी जुळतात का, तेही पाहा. बेकायदा बांधकामाचं भाडं बँक उत्पन्नात धरेल, या भरवशावर तर अजिबात राहू नका.

असं घर आधीच घेतलं असेल तर वाट बंद नाही. १ जानेवारी २०२० पूर्वी विनापरवाना बांधलेल्या एडीयूला एबी २५३३ या कायद्याचा आधार मिळतो. आरोग्य-सुरक्षेचा धोका नसेल, तर केवळ आजच्या बिल्डिंग कोडमध्ये बसत नाही म्हणून शहर परवाना नाकारू शकत नाही. अर्ज करण्याआधी परवानाधारक कंत्राटदाराकडून खासगीत तपासणी करून घेता येते. तीच पहिली पायरी ठेवा.

प्रॉपर्टी टॅक्स न धरता तुलना करणं

खरेदी आणि बांधकाम यांची तुलना लोक फक्त किमतीवर करतात. १९७८ च्या प्रपोझिशन १३ या राज्याच्या नियमामुळे जुन्या घरमालकाचं करमूल्य (ज्यावर प्रॉपर्टी टॅक्स लागतो ती किंमत) वर्षाला जास्तीत जास्त २ टक्क्यांनी वाढतं. अंगणात एडीयू बांधलं तर फक्त त्या नव्या बांधकामाची किंमत त्यात मिळवतात. मूळ घराचं मूल्य तसंच राहतं. समजा, तुमच्या घराचं करमूल्य ५ लाख डॉलर आहे आणि असेसरने (करमूल्य ठरवणाऱ्या काउंटीच्या अधिकाऱ्याने) एडीयूचे अडीच लाख धरले. मूळ १ टक्क्याने कर होतो साडेसात हजार. तेच घर सोडून एडीयू असलेलं १५ लाखांचं घर घेतलंत तर १५ हजार, आणि तेही दरवर्षी. जुन्या घरमालकाने माझ्या मते आधी बांधण्याचाच विचार करावा. पहिलंच घर घेणाऱ्याला मात्र हा फायदा नाही. उलट त्याला तयार एडीयूच सोयीचं पडू शकतं: २०२३ पासून एफएचए (सरकारी हमीच्या गृह) कर्जात तयार एडीयूच्या अंदाजित भाड्याचे ७५ टक्के उत्पन्नात धरता येतात, तर २०३(के) या एफएचएच्याच घर-सुधारणेच्या कर्जातून नवं बांधणार असाल तर ५० टक्केच. अर्थात अटी आहेत.

६० दिवसांत घर उभं राहील असं समजणं

पूर्ण अर्जावर शहराने ६० दिवसांत निर्णय द्यायचा असतो. ही मुदत परवान्याची आहे, बांधकामाची नव्हे. नकाशे काढण्याआधी सांडपाण्याची लाइन आणि इलेक्ट्रिक पॅनेल तपासून घ्या. जुन्या घरातलं १०० अँपिअरचं पॅनेल बऱ्याचदा बदलावं लागतं, आणि नव्या स्वतंत्र एडीयूला सहसा सोलरही लागतं. आकार ७५० चौरस फुटांच्या आत ठेवलात तर शहराची इम्पॅक्ट फी (नव्या बांधकामामुळे सार्वजनिक सोयींवर पडणाऱ्या भारापोटीचं शुल्क) वाचते. ८०० चा हट्ट धरण्याआधी हा आकडा मांडून बघा.

कंत्राटदार एकदम मोठी आगाऊ रक्कम मागत असेल तर तिथेच थांबा. होम इम्प्रूव्हमेंट करारात सर्वसाधारणपणे १,००० डॉलर किंवा एकूण रकमेच्या १० टक्के, यांपैकी जे कमी असेल तेवढंच आगाऊ घेता येतं.

पुढे वेगळं विकू, असं गृहीत धरणं

एडीयू स्वतंत्र कॉन्डो म्हणून विकायची मुभा एबी १०३३ ने दिली, पण शहराने तसा नियम केला असेल तरच. सॅन होजेने २०२४ मध्ये तो केला. तुमच्या शहराने केला नसेल तर घर आणि एडीयू एकत्रच विकावं लागेल. त्यातही स्वतंत्र एडीयू भाड्याने दिलेलं असेल, तर त्याच्या वाट्याच्या नफ्याला राहत्या घराच्या २.५ लाख डॉलरपर्यंतच्या (जोडप्याला ५ लाखांपर्यंतच्या) नफ्यावरची करसवलत मिळत नाही. बांधकामाची सगळी बिलं विक्रीपर्यंत जपून ठेवा.