मासे सोडल्यावर भात कशाबरोबर खायचा

मी मूळची वेंगुर्ल्याकडची, आता ठाण्यात राहते. 2004 च्या आषाढी एकादशीला गळ्यात तुळशीची माळ घातली आणि मासे सुटले. तेव्हा आईने काळजीने विचारलं होतं, "मगे भात कशावांगडा खातलंस?" आमच्याकडे सोमवार, गुरुवार, शनिवार शिवराक, म्हणजे मासे-मटणाशिवायचं जेवण, असतोच, श्रावणही पाळतात. पण ते दिवस कसेबसे निघतात. कायमचं शिवराक जेवायचं म्हटलं की रोज काय रांधावं हे खरोखर सुचत नाही. ज्यांनी नुकतंच मासे-मटण सोडलंय, त्यांना माझी पद्धत सांगते.

आधी माझी चूक. पहिली दोन वर्षं मी ताटातला मासा काढला आणि तिथे बटाट्याची भाजी वाढली, कधी पनीर. पोट भरायचं, पण चार वाजता पुन्हा भूक, जिना चढताना दम, पायांना मुंग्या. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिनही कमी आणि बी-12 ही. बी-12 भाजीपाल्यातून, डाळींतून मिळत नाही; दुधा-दह्यातून मिळतं तेवढंच. तेव्हा वर्षातून एकदा तपासून घ्या आणि डॉक्टर सांगतील ती गोळी किंवा इंजेक्शन घ्या. ते टाळू नका.

माशाची जागा कडधान्याची आहे, बटाट्याची नव्हे. कोरड्या कडधान्यात 100 ग्रॅमला साधारण 20 ते 24 ग्रॅम प्रथिनं असतात. माणशी एक मूठ धरायची आणि रात्री ओटा पुसायच्या आधी उद्याचं भिजत घालायचं. दात घासण्याइतकी याची सवय झाली पाहिजे, कारण सकाळी सात वाजता आठवलं तर मग बटाटाच उरतो. मटकी-मूग रात्री भिजवा, सकाळी पाणी काढून सुती फडक्यात घट्ट बांधा. उन्हाळ्यात रात्रीपर्यंत मोड येतात, थंडीत दीड दिवसही लागतो. तेव्हा पुरचुंडी डब्यात घालून ओट्याच्या उबदार कोपऱ्यात ठेवते. उसळीवर लिंबू पिळाच, त्याने कडधान्यातलं लोह अंगी लागतं. आणि जेवणावर लगेच चहा नको, तो ते अडवतो.

काळ्या वाटाण्यांना मात्र दहा-बारा तास भिजणं लागतंच. मी दादरहून रात्रीच्या गाडीला बसले की आई तिकडे वाटाणे भिजत घालते, दुपारी घरी पोचेपर्यंत सांबार तयार. एक वाटी वाटाणे मीठ घालून कुकरला पाच-सहा शिट्ट्या. ते काळं पाणी ओतून देऊ नका, सगळी चव त्यातच. वाटपाला एक मोठा कांदा आणि अर्ध्या नारळाचं खोबरं लोखंडी कढईत मंद आचेवर भाजायचं, शेवटी पाच लसणीच्या पाकळ्या, चमचाभर धणे, चार मिरी, दोन लवंगा. खोबरं बदामी रंगाच्या पुढे, तपकिरी व्हायला हवं. काळं पडलं तर कडू लागतं, मग टाकून पुन्हा भाजा. बारीक वाटा, दोन चमचे मालवणी मसाला, वाटाण्यांचं पाणी, एक उकळी, उतरवताना तीन-चार आमसुलं. चातुर्मासात मी कांदा-लसूण घालत नाही, तेव्हा खोबरं थोडं जास्त घेते आणि फोडणीला हिंग.

काहीच भिजवलेलं नसेल त्या दिवशी पिठी करायची, म्हणून कुळथाचं पीठ घरात असू द्या. कुळीथ भाजून, भरडून, सालं पाखडून दळलेलं असावं. कच्च्या कुळथाच्या पिठाला उग्र वास येतो. दोघांसाठी तीन मोठे चमचे पीठ दोन वाट्या गार पाण्यात हाताने कालवा. गरम पाण्यात घातलं तर गुठळ्या होतातच. तेलात ठेचलेली लसूण चांगली लाल होऊ द्या, दोन हिरव्या मिरच्या, हिंग, मग कालवलेलं पीठ ओता आणि ढवळणं थांबवू नका. आधी पाण्यासारखं दिसेल, मग कडेने बुडबुडे येतील आणि एकदम पळी जड लागेल. तिथे दोन आमसुलं आणि मीठ घालून पाच मिनिटं मंद शिजवा. पातळच ठेवा, ताटात गार होताना ती आणखी आळते. गरम भात, वर पिठी, बाजूला भाजलेला पापड. पंधरा मिनिटांचं काम, पण जेवून उठल्यावर समाधान असतं.

माशाच्या वासाची आठवण येते, पहिल्या वर्षी फार येते. ती पुष्कळदा माशाच्या आमटीत घालतात त्या तिरफळाची (मिरीएवढं, उग्र वासाचं मसाल्याचं फळ) आणि आमसुलाची असते. सुरणाच्या फोडी आमसुलाच्या पाण्यात अर्धा तास ठेवा, खाज जाते. मग ओल्या खोबऱ्याचं, लाल मिरचीचं वाटप लावून शिजवा आणि पाच-सहा तिरफळं बी काढून, ठेचून घाला. तिरफळ खायचं नसतं, जेवताना बाजूला काढायचं. हे सुरणाचं तिखलं सुरण म्हणूनच वाढा. "अगदी बांगड्यासारखं लागतं" असं म्हणत वाढलंत तर खाणारा बांगडाच शोधत बसतो.

माझ्या घरी नवरा आणि मुलगा मासे खातात. त्यांचा तवा, पातेलं, सुरी आणि फळी वेगळी, तळणाचं तेलही वेगळं, आणि मासे ते स्वतः करतात. हे पहिल्याच आठवड्यात शांतपणे ठरवून टाकलं, म्हणून इतक्या वर्षांत त्यावरून आमच्यात वाद झालेला नाही. बुधवारी आणि रविवारी ते तळत असतात तेव्हा मी माझी पिठी शेगडीच्या दुसऱ्या बाजूला ढवळत असते, आणि मुलगा तळलेल्या सुरमईबरोबर माझ्यातली दोन पळ्या पिठी हक्काने वाढून घेतो.