मुंबईहून लांबचं विमान: जेवण, चहा आणि झोप नीट व्हावी म्हणून काय करावं

पुण्याहून अमेरिकेला किंवा युरोपला जाणाऱ्या बहुतेकांचं विमान मुंबईच्या टर्मिनल २ वरून सुटतं, आणि तेही मध्यरात्रीनंतर. रात्री २ चं विमान असेल तर ३ तास आधी पोचायचं, रस्त्याचे ४ तास धरायचे, म्हणजे संध्याकाळी सातलाच घर सोडावं लागतं. पहिला ट्रे समोर येतो पहाटे ३-साडेतीनला. तोवर एक्सप्रेसवेवरच्या फूडमॉलमध्ये वडापाव झालेला असतो, विमानतळावर काहीतरी खाऊन झालेलं असतं, आणि मग विमानातलं जेवण जड वाटतं. केबिनमधला हवेचा दाब ६ ते ८ हजार फूट उंचीवर असतो तेवढा कमी ठेवलेला असतो, त्यामुळे पोटातला गॅस फुगतो. म्हणून निघण्यापूर्वी घरी वरण-भात किंवा मुगाची खिचडी खावी, वाटेत तळलेलं टाळावं आणि विमानात सोडावॉटर, कोला घेऊ नये.

जेवणाचा प्रकार तिकीट काढतानाच, निदान विमान सुटण्याच्या २४ तास आधी नोंदवावा. काही कंपन्या ४८ तास मागतात. इथेच सर्वांत जास्त घोटाळे होतात. ‘हिंदू मील’ हे नाव वाचून शाकाहारी माणसं डोळे झाकून ते निवडतात. त्यात गोमांस आणि डुकराचं मांस नसतं, पण चिकन, मटण किंवा मासे असतात. आपल्याला हवं ते ‘एशियन व्हेजिटेरियन’, बुकिंगमधला त्याचा कोड एव्हीएमएल (AVML). कांदा-लसूण आणि कंदमुळं नको असतील तर जैन जेवण, व्हीजेएमएल. व्हीजीएमएल म्हणजे व्हेगन, त्यात दही-पनीर मिळत नाही. व्हीएलएमएल पाश्चात्त्य पद्धतीचं शाकाहारी असतं आणि त्यात अंडं असू शकतं. एकादशी किंवा चतुर्थी प्रवासात येत असेल तर फळांचा ट्रे मागावा, एफपीएमएल.

मधुमेह असलेल्या शाकाहारी माणसाने जास्त जपावं. डायबेटिक जेवण, डीबीएमएल, बहुतेकदा मांसाहारी असतं आणि एका प्रवाशाला एका टप्प्यात साधारणपणे एकच कोड घेता येतो. अशा वेळी एव्हीएमएल घ्यावं, गोड पदार्थ आणि पाव बाजूला ठेवावा. इन्सुलिन कधी घ्यायचं ते डॉक्टरांना आधी विचारावं. जेवणाआधी घ्यायचं असेल तर ट्रॉली दिसली म्हणून नव्हे, ट्रे समोर आल्यावरच. विमान हलायला लागलं की वाटप मधेच थांबतं आणि जेवण अर्धा तास लांबू शकतं.

तिकीट एका कंपनीचं आणि विमान दुसरीचं असेल, तर जेवणाची मागणी विमान चालवणाऱ्या कंपनीकडे पोचली आहे का ते तिच्याच वेबसाइटवर तपासावं, आणि दोन्ही टप्प्यांसाठी वेगवेगळं. विमान बदलून मिळालं तर नोंद बऱ्याचदा सोबत येत नाही. जेवणाच्या डब्यावर आसन क्रमांकाचं लेबल असतं. म्हणून जागेची अदलाबदल केलीत तर क्रूला लगेच सांगावं, नाहीतर तुमचं जेवण जुन्या जागेवर बसलेल्याच्या पुढ्यात जातं.

खास जेवण ट्रॉलीच्या आधी वाटतात. सोबतच्या माणसाचं जेवण मागून येतं, हे थोडं अवघड वाटतं. पण मागच्या रांगांपर्यंत पोचेपर्यंत शाकाहारी पर्याय संपण्याची धास्ती राहत नाही, आणि लवकर जेवून झालं की टॉयलेटबाहेर रांग लागायच्या आत जाऊन येता येतं.

हे जेवण जमिनीवर शिजवून, झटपट थंड करून विमानात चढवतात आणि वर फक्त ओव्हनमध्ये गरम करतात. त्यामुळे राजमा, छोले, डाळ, भात, पनीरची रस्साभाजी चांगली उतरते, आणि पोळी-पराठ्याच्या कडा चिवट होतात. पोळीचं पाकीट न उघडता २-३ मिनिटं भाजीच्या गरम डब्यावर ठेवावं, वाफेने ती मऊ होते. चव कमी लागते याचा दोष स्वयंपाक्याचा नसतो. केबिनमधली आर्द्रता २० टक्क्यांच्या खाली जाते, नाक कोरडं पडतं, दाब कमी असतो, आणि मीठ-साखर जिभेला कमी जाणवते. क्रूकडे लिंबाची फोड आणि मिरपुडीची जास्तीची पाकिटं मागावीत, साधारणपणे ती असतात. टोमॅटोचा रस मात्र वर छान लागतो, एकदा घेऊन पाहा. लोणचं, ओला ठेचा हँडबॅगेत ठेवू नका. तपासणीत काढून घेतात. दुधात भिजवलेल्या दशम्या, खाकरा, बाकरवडी बिनधास्त न्यावी.

चहाबद्दल. अमृततुल्यासारखा उकळलेला चहा तिथे होणं शक्यच नाही, कारण केबिनच्या दाबाला पाणी ९२-९४ अंशांनाच उकळतं आणि पावडर पूर्ण उतरत नाही. कपभर गरम पाण्यात २ टी-बॅग टाकून वर बशी किंवा रुमाल झाकावा, ४-५ मिनिटं थांबावं, दूध-साखर शेवटी घालावी. आधी दूध घातलं तर पाणी आणखी निवतं आणि चहा फिका राहतो.

आसन निवडताना गॅली (विमानातलं स्वयंपाकघर) आणि टॉयलेटजवळच्या रांगा सोडाव्यात, तिथे रात्रभर उजेड आणि वर्दळ असते. बाळाच्या पाळण्याची सोय इकॉनॉमीच्या भागांतल्या पहिल्या रांगांत असते. पाय पसरायला जागा हवी म्हणून ती रांग घेणाऱ्यांनी शेजारी बाळ असणार हे गृहीत धरावं.

पहिलं जेवण आटोपलं की दिवे मंद होतात. झोपायचं असेल तर पट्टा पांघरुणाच्या वरून बांधावा, म्हणजे विमान हलायला लागलं तरी पट्टा तपासायला क्रू उठवत नाही. दुसऱ्या जेवणाला उठवायचं की नाही, हे झोपण्याआधी सांगून ठेवावं. ते उतरण्याच्या दीड-दोन तास आधी येतं. मधल्या वेळात भूक लागली तर गॅलीपर्यंत चालत जाऊन विचारावं. सँडविच, फळं, बिस्किटं असं काहीतरी मिळतं आणि पायही मोकळे होतात. गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांनी बेल वाजवावी, ती त्यासाठीच आहे. फक्त ट्रॉली बोळात असताना वाजवू नये. रिकामी बाटली तपासणीनंतर भरून घ्यावी, १००-१५० मिलीच्या कपांनी तहान भागत नाही. व्हीलचेअर हवी असेल तर ती ४८ तास आधी नोंदवावी.

स्क्रीनसाठी ३.५ मिमी पिनचा वायरवाला हेडफोन न्यावा, कारण अनेक विमानांत ब्लूटूथ जोडता येत नाही. पॉवरबँक हँडबॅगेतच ठेवावी, पण ती वापरता येईल असं समजू नका. सिंगापूर एअरलाइन्सने एप्रिल २०२५ पासून आणि एमिरेट्सने ऑक्टोबर २०२५ पासून विमानात तिचा वापर बंद केला आहे. फोन घरूनच पूर्ण चार्ज करावा.

ट्रेवरचं सफरचंद पर्समध्ये टाकू नका. अमेरिकेत किंवा ऑस्ट्रेलियात न सांगता फळ नेलं तर दंड होऊ शकतो, मग ते विमानातच मिळालेलं का असेना. खायचं तर दुसऱ्या जेवणाबरोबर खाऊन टाकावं, नाहीतर ट्रेवरच राहू द्यावं. उरलेल्या दशम्या-बाकरवडी मात्र उतरल्यावर स्वतःहून सांगून कस्टम्सच्या अधिकाऱ्याला दाखवाव्यात.